स्लॅब वेळेवर, ताबा उशिरा: नवख्या इंजिनिअरने साइटकडे यंत्रणा म्हणून कसं पाहावं

नियोजनाचं पहिलं काम हाती आलं की बहुतेक नवखे इंजिनिअर एकच गोष्ट करतात. कामांची यादी काढतात, प्रत्येक कामापुढे दिवस टाकतात, बार चार्ट छापतात आणि साइट ऑफिसच्या भिंतीवर लावतात. महिनाभरात चार्ट एका वाटेने गेलेला असतो आणि साइट दुसऱ्या. मग सगळे ठेकेदाराला शिव्या घालतात. ठेकेदार तसा असेलही, पण चार ठेकेदार बदलूनही उशीर तेवढाच होत असेल, तर गडबड माणसांमध्ये कमी आणि कामं एकमेकांना जोडणाऱ्या दुव्यांमध्ये जास्त आहे असं समजावं. हे दुवे बघायची सवय म्हणजेच सिस्टिम थिंकिंग. नाव जड आहे, पण करायला लागतं ते कागद, पेन्सिल आणि साइटवर पायपीट.

उदाहरणासाठी एक साधी इमारत धरू: पुणे-नाशिककडे कुठल्याही उपनगरात दिसते तशी, पार्किंगवर सात मजले, मजल्याला चार फ्लॅट, एकूण २८ फ्लॅट. पुढचे कामाचे दिवस याच इमारतीसाठी धरलेले आहेत. तुमच्या साइटवर ते बदलतील, हिशोबाची रीत बदलणार नाही.

आधी एका स्लॅबच्या मागे लागा

चार्टला हात लावण्याआधी एका मजल्याचं पूर्ण चक्र बघा: कॉलमच्या स्टार्टरपासून (कॉलमच्या तळाशी आधी भरतात तो छोटा भाग) वरच्या मजल्याच्या स्टार्टरपर्यंत. वहीत तीन रकाने पाडा. काय काम चाललंय, ते कधी थांबलं, कशासाठी थांबलं. तिसरा रकाना महत्त्वाचा. त्यात "लेबर नाही" असं मोघम लिहू नका. "सळई बांधणाऱ्या फिटरची टोळी शुक्रवारी दुसऱ्या साइटवर गेली, कारण आपल्याकडे बीमचे साचे तयार नव्हते" असं लिहा.

ही नोंद केली की लक्षात येतं की माणसं हातात हत्यार धरून काम करतात त्यापेक्षा काम पुढच्या माणसाची वाट बघत पडून राहतं तो वेळ बराच मोठा असतो. सेंटरिंग, म्हणजे साचे आणि टेकू लावायचं काम, गुरुवारी संध्याकाळी संपतं आणि सळई बांधायला शनिवारी सकाळी सुरुवात होते. चार्टवर सेंटरिंगची पट्टी गुरुवारी संपते, सळईची शुक्रवारी सुरू होते, आणि हा गेलेला दिवस कुणाच्याच नावावर नसतो.

इलेक्ट्रिशियनचं उदाहरण घ्या. स्लॅबमधले कंड्युट, म्हणजे वायरींचे पाइप, सळईच्या खालच्या आणि वरच्या जाळीच्या मधून जातात. म्हणजे खालची जाळी बांधून झाली की वरची बांधायच्या आधी त्याला अर्धा-पाऊण दिवस मोकळा मिळायला हवा. बहुतेक साइटवर त्याला बोलावलं जातं स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी. तोवर वरची जाळी बांधून झालेली असते. मग तो सळया पायाने दाबून, बाइंडिंग तारा तोडून पाइप सरकवतो, वरची जाळी उचलून धरणाऱ्या खुर्च्या आडव्या होतात, बाल्कनीच्या कँटिलिव्हरची (एकाच बाजूने आधार असलेल्या भागाची) वरची सळई खाली बसते. त्याने त्याचं काम केलं, फिटरने त्याचं केलं, आणि बाल्कनीचा स्लॅब कमजोर झाला. चूक दोघांच्या मधल्या फटीत आहे. तुमचं काम त्या फटीत उभं राहण्याचं.

मग नकाशा काढा

एक मोठा कागद घ्या. मधोमध साइट. बाणाने दाखवा, कोण कोणाला काय देतं: आरसीसी सल्लागार नकाशे देतो, त्यावरून सळईचं बीबीएस (कोणती सळई किती लांब, कशी वाकवायची याची यादी) निघतं, त्यावरून सळईची ऑर्डर जाते, सळई कटिंग यार्डात येते, तिथून मजल्यावर. प्रत्येक बाणावर दोन गोष्टी लिहा: मागितल्यापासून मिळेपर्यंत किती दिवस, आणि अडलं तर फोन कुणाला.

नवखे लोक इथे एक गोष्ट हमखास विसरतात. नकाशा गेटच्या आत थांबवतात. महापालिकेची जोते तपासणी, आरएमसी (तयार काँक्रीटचा) प्लांट, खडीची खाण, टोळीचं गाव हे सगळं यंत्रणेतच आहे. आरएमसीच्या गाडीत माल भरल्यापासून २ तासांत तो उतरवावा, असं भारतीय मानक सांगतं. प्लांट आणि साइट यांच्या मध्ये संध्याकाळी तुंबणारा चौक असेल, तर तो चौकसुद्धा तुमच्या नियोजनाचा भाग आहे. होळीला आणि छठपूजेला उत्तरेकडच्या टोळ्या गावी जातात. ही तारीख कॅलेंडरवर वर्षभर आधी छापलेली असते, तरी दर वर्षी साइटवर तिचं आश्चर्य वाटतं!

पण सगळं जगही नकाशात घेऊ नका. कसोटी सोपी आहे: ज्याच्यामुळे तुमची तारीख हलू शकते ते आत घ्यायचं, बाकीचं सोडून द्यायचं.

अडणारी जागा हिशोबाने शोधा

कोणत्याही वेळी यंत्रणेचा वेग एका जागेवर ठरतो. ती जागा सुटली की दुसरी अडते. अडणाऱ्या जागेपासून दूर कितीही माणसं ओता, वेग वाढत नाही. आपल्या सात मजल्यांत ही जागा बहुतेक वेळा सेंटरिंगचं सामान असते, आणि ते हिशोबाने दाखवता येतं.

प्रॉपचा, म्हणजे स्लॅबखालच्या टेकूंचा, एक संच एका मजल्यावर किती दिवस अडकतो? समजा पहिला प्रॉप उभा राहिल्यापासून स्लॅब भरेपर्यंत ८ दिवस. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलंड सिमेंटला, तापमान १५ अंशांच्या खाली जात नसेल तर, ४.५ मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे प्रॉप किमान १४ दिवस ठेवायचे. ६ मीटरपर्यंतच्या बीमलाही १४ दिवस, त्यापुढे २१. आपले गाळे १४ दिवसांत बसणारे धरू. काढून, साफ करून वर चढवायला २ दिवस. बेरीज २४ दिवस.

तुमच्याकडे दोन संच असतील तर २४ भागिले २, म्हणजे १२ दिवसांपेक्षा लवकर पुढचा स्लॅब टाकताच येत नाही. सुतार दुप्पट करा, रात्रपाळी लावा, मालकाला रोज साइटवर उभं करा, चक्र १२ दिवसांचंच राहणार. मालकाला १० दिवसांचं चक्र हवं असेल तर २४ भागिले १०, म्हणजे २.४ संच लागतात. ही मागणी तोंडी न करता हा हिशोब कागदावर मांडून द्या.

आता बारकाईने बघा. साच्याच्या प्लायवुडला, म्हणजे प्लायला, एवढे दिवस अडकून राहायची गरज नाही. त्याच मानकानुसार प्रॉप लगेच पुन्हा लावण्याच्या अटीवर स्लॅबचं प्लाय ३ दिवसांनी आणि बीमचा तळ ७ दिवसांनी काढता येतो. म्हणजे प्लाय अडकतं ८ अधिक ३ अधिक साफसफाईचा १, असे १२ दिवस. एक संच पुरतो. बीमचे तळ अडकतात १६ दिवस, म्हणजे १२ दिवसांच्या चक्राला एक आणि एक तृतीयांश संच. सरसकट "दोन सेट मागवा" म्हणण्यापेक्षा हा हिशोब किती पैसे वाचवतो ते पाहा.

दोन सूचना इथेच देतो, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. बाजारात आज पोझोलाना सिमेंटच जास्त मिळतं. ते सावकाश ताकद धरतं, म्हणून वरचे दिवस तसेच्या तसे वापरू नका. आणि वरच्या मजल्याच्या ओल्या काँक्रीटचं वजन खालच्या कोवळ्या स्लॅबवर येतं. किती मजल्यांखाली टेकू ठेवायचे हे आरसीसी सल्लागाराकडून लेखी घ्या. घाई झाली की सगळ्यात आधी चोरले जातात ते हेच दिवस.

पसरलेलं काम आवरा

वरचा भागाकार हा एका सर्वसाधारण नियमाचाच एक प्रकार आहे. जॉन लिटल यांनी तो १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केला. आत असलेल्या गोष्टींची सरासरी संख्या म्हणजे बाहेर पडण्याचा वेग गुणिले प्रत्येकीचा आतला वेळ. बँकेच्या रांगेला लागू, सेंटरिंगला लागू, आणि सर्वात जास्त लागू फिनिशिंगला.

स्लॅब संपले की साइटवर एक मोह सुटतो: सगळे फ्लॅट एकदम उघडायचे. सातही मजल्यांवर माणसं दिसतात, मालक खूश होतो. समजा टाईलवाल्यांची टोळी आठवड्याला दोनच फ्लॅट पुरे करते आणि सगळ्यांचा वेग तिच्यावर अडलाय. २८ फ्लॅट उघडे असतील तर शेवटचा फ्लॅट १४ आठवडे उघडा पडणार. आठच उघडे ठेवले, एक पुरा झाल्यावरच पुढचा उघडला, तर तोच फ्लॅट ४ आठवड्यांत हातावेगळा होतो. टोळी तीच, वेगही तोच.

यात काय कमावलं ते चूक झाल्यावर कळतं. बाथरूममधल्या शॉवरचा डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा व्हॉल्व्ह) भिंतीत किती खोल बसवायचा हे गिलावा आणि टाईल यांच्या जाडीवर ठरतं. प्लंबरने तो जरा जास्त आत बसवला, तर टाईल लागल्यावर वरची प्लेट आणि नॉब नीट बसत नाहीत. हे कळतं अगदी शेवटी, फिटिंग लावताना. २८ फ्लॅट, प्रत्येकी दोन बाथरूम. सगळे एकदम उघडले असतील तर ५६ डायव्हर्टर एकाच चुकीने भिंतीत गेलेले असतात, वर टाईल लागलेली असते. आठच उघडे असतील तर सोळा, आणि त्यातल्याही निम्म्यांवर अजून टाईल नसते. म्हणून एक फ्लॅट पूर्ण, अगदी दाराच्या कडीसकट, सगळ्यांच्या आधी करून घ्या. सँपल फ्लॅट ग्राहकाला दाखवायला असतो असा समज आहे. खरा उपयोग त्यात सापडणाऱ्या चुकांचा आहे.

उलटून येणारे उपाय ओळखा

यंत्रणेत कारण आणि परिणाम सरळ रेषेत जात नाहीत, फिरून येतात. साइटवर तीन फेरे वारंवार दिसतात.

पहिला ओव्हरटाइमचा. उशीर झाला म्हणून रात्री काम. आठवडाभर काम खरंच पुढे जातं. मग दमलेले हात चुका करतात, अंधारात ओळंबा नीट लागत नाही, तपासणारा सुपरवायझर घरी गेलेला असतो. तीन आठवड्यांनी तोडफोड निघते, उशीर वाढतो, आणि उपाय म्हणून पुन्हा ओव्हरटाइम. फायदा लगेच दिसतो, तोटा उशिराने. म्हणूनच हा उपाय सगळ्यांना आवडतो. स्लॅबच्या आदल्या रात्री जागावं लागतं, ते ठीक. दुसऱ्या आठवड्यातही रात्रपाळी चालू असेल तर थांबून हिशोब करा.

दुसरा माणसं वाढवण्याचा. नवी टोळी आली की तिला जागा, साहित्य, पाणी, मचाण आणि समजावणारा माणूस लागतो. समजावणार कोण, तर तुमचा सर्वात चांगला मिस्त्री. त्याचं काम थांबतं. हॉइस्ट, म्हणजे माल वर नेणारी लिफ्ट, एकच असेल तर आता दोन टोळ्या तिच्यापुढे रांग लावतात.

तिसरा फेरा दडलेल्या चुकांचा, आणि त्याचा अभ्यास जहाजबांधणीत झाला. अमेरिकेच्या इंगल्स शिपबिल्डिंग कंपनीने १९७० च्या दशकात नौदलावर सुमारे ५० कोटी डॉलरचा दावा लावला. नौदलाने मधेच बदलवलेल्या आराखड्यांचा थेट खर्च दाखवणं सोपं होतं. त्या बदलांमुळे भलत्याच ठिकाणी झालेला गोंधळ दाखवणं अवघड. केन कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी संगणकावर प्रतिकृती केली. तिचा गाभा असा: "झालं" म्हणून नोंदलेल्या कामात काही काम चुकीचं असतं, ते अजून सापडलेलं नसतं, आणि सापडेपर्यंत त्याच्यावर पुढचं काम चढत राहतं. १९७८ मध्ये तडजोड झाली आणि दाव्याचा बराच मोठा हिस्सा कंपनीला मिळाला.

आपल्याकडे "नव्वद टक्के झालंय साहेब" हे वाक्य आठवडेच्या आठवडे तसंच राहतं, ते याचमुळे. उपाय: चूक झाल्यापासून सापडेपर्यंतचा वेळ कमी करा. बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगवर पाणी भरून खालच्या फ्लॅटचं छत बघितल्याशिवाय टाईलला परवानगी नाही. प्लंबिंगची दाब चाचणी झाल्याशिवाय भिंतीतल्या खाचा बुजवायच्या नाहीत. टक्के मोजूच नका. तपासून सही झालेले फ्लॅट मोजा.

पैसा कुठून वाहतो ते पाहा

शीर्षकातल्या तक्रारीचं मूळ मला इथे दिसतं. महाराष्ट्रात रेराच्या, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या, नमुना करारात ग्राहकाकडून टप्प्याटप्प्याने घ्यायच्या रकमेच्या मर्यादा दिल्या आहेत. करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोत्याला ४५, सगळे स्लॅब झाले की ७०. भिंती, आतला गिलावा, फरशी, दारं-खिडक्या हे सगळं झाल्यावर ती मर्यादा पोचते ७५ वर.

आता विकासकाच्या खुर्चीत बसा. स्लॅब टाकला की पैसे येतात. भिंती, गिलावा, फरशी, म्हणजे सगळ्यात किचकट आणि सगळ्यात जास्त ठेकेदारांचं काम, त्यासाठी येतात पाच टक्के. स्लॅब का धावतात आणि फिनिशिंग का रखडतं, हे विचारायला कुणाच्या स्वभावात शिरावं लागत नाही. पैशाची रचनाच तशी आहे. रेराने ग्राहकांच्या रकमेतली ७० टक्के रक्कम जमीन आणि बांधकामासाठी वेगळ्या खात्यात ठेवायला लावली आहे, त्यामुळे ती दुसऱ्या प्रकल्पात वळवण्याला आळा बसला, पण वेगाचा हा कल तसाच राहतो.

नवखा इंजिनिअर हे बदलू शकत नाही. पण त्याचा खालचा भाग त्याच्या हातात असतो: ठेकेदारांची रनिंग बिलं, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिली जाणारी बिलं. गिलाव्यावाल्याचं बिल लटकलं की तो भांडत बसत नाही. तो आठातले चार मिस्त्री जिथे पैसे मिळतात तिथे हलवतो. काम मंदावतं, पुढचं बिल लहान होतं, त्याला आपल्या कामात आणखीच राम उरत नाही. मोजमाप वेळेवर घ्या आणि बिल आपल्या टेबलावर पडू देऊ नका. एवढ्यानेही फेरा उलटा फिरवता येतो.

लांब पल्ल्याच्या गोष्टी शेवटाकडून मागे मोजा

लिफ्ट, ॲल्युमिनियमच्या खिडक्या, ट्रान्सफॉर्मर यांची तारीख हवी त्या दिवसापासून मागे मोजायची. लिफ्टवाल्याला ऑर्डर देण्याआधी शाफ्टचं माप हवं, त्याआधी मॉडेल ठरायला हवं, त्याआधी मालकाची सही. खरा उशीर कारखान्यात होतो त्यापेक्षा या सहीत जास्त होतो. टाईलच्या नमुन्याचंही तसंच.

पावसाळ्याचं गणित वेगळं मांडायला नको. जूनच्या आधी जोतं वर आलं पाहिजे. नाहीतर फुटिंगच्या (पायाच्या) खड्ड्यांतून पंप चालवत बसावं लागतं आणि मऊ झालेला तळ पुन्हा खोदावा लागतो. बाहेरचा गिलावा आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग कोरड्या महिन्यांत बसवा.

आठवड्याची बैठक

ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या साइटवर मोजलं, तेव्हा आठवड्यासाठी ठरवलेल्या कामांपैकी साधारण निम्मीच त्या आठवड्यात पुरी होत होती. त्यातून त्यांनी "लास्ट प्लॅनर" नावाची पद्धत बसवली. शेवटचं नियोजन करतो तो खरा माणूस म्हणजे मुकादम. म्हणून वचन त्याच्याकडून घ्यायचं.

शनिवारी दुपारी अर्धा तास सगळ्या मुकादमांना एकत्र उभं करा. शक्यतो ज्या मजल्यावर काम आहे तिथेच. प्रत्येकाने पुढच्या आठवड्याचं काम स्वतः सांगायचं आणि त्यासाठी मागच्याकडून काय हवं तेही सांगायचं. फिटरने सुताराला विचारायचं, "भाऊ, बुधवारी दुपारी बीमचे साचे मोकळे मिळतील ना?" सुताराला "नाही, गुरुवारी" म्हणता आलं पाहिजे. "नाही" म्हणणाऱ्यावर पहिल्याच बैठकीत साहेब ओरडले, तर पुढच्या शनिवारपासून सगळे "हो" म्हणतील आणि तुमची बैठक संपली असं समजा.

त्याच बैठकीत पुढच्या सहा आठवड्यांची कामं वाचून दाखवा आणि प्रत्येकापुढे अडथळा लिहा: नकाशा आला का, साहित्य आलं का, जागा मोकळी आहे का, तपासणी कोण करणार. अडथळा असलेलं काम या आठवड्याच्या यादीत घ्यायचं नाही, मग कुणीही सांगो.

पुढच्या शनिवारी दोनच गोष्टी मोजा. ठरलेल्यांपैकी किती कामं पूर्ण झाली, आणि जी राहिली ती कशामुळे. "जवळजवळ झालं" म्हणजे झालं नाही. कारण मुकादमाच्या तोंडच्या शब्दांत उतरवा. दोन महिन्यांनी ती कारणं एका कागदावर मांडली की तीन-चारच कारणं पुन्हा पुन्हा आलेली दिसतील, आणि त्यातली निदान दोन ऑफिसच्या बाजूची असतील: उशिरा आलेला नकाशा, अडकलेलं बिल, न झालेली निवड. तो कागद मालकांकडे घेऊन जा. जाताना सेंटरिंगच्या २४ दिवसांचा हिशोबही सोबत ठेवा, कारण दहा दिवसांच्या स्लॅबचा विषय तिथे निघणारच.